प्लगइन बसवताना आपण कोणाला काय सोपवतो?

२०२४ च्या नोव्हेंबर महिन्यात वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीवर चालणाऱ्या सुमारे ४० लाख संकेतस्थळांच्या चालकांना एक धक्कादायक बातमी वाचावी लागली. त्यांनी सुरक्षेसाठी बसवलेल्या ‘रिअली सिंपल सिक्युरिटी’ या प्लगइनमध्येच, म्हणजे बाहेरून जोडलेल्या आज्ञावलीतच, एक गंभीर चूक सापडली होती. ज्या संकेतस्थळांवर या प्लगइनची द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक ओळख मागण्याची सोय, चालू होती, तेथे कोणताही परका माणूस पासवर्ड न देता थेट व्यवस्थापक म्हणून आत शिरू शकत होता. ज्यांनी जास्त खबरदारी घेतली तेच जास्त उघड्यावर पडले होते. दुरुस्त केलेली ९.१.२ ही आवृत्ती इतकी तातडीची ठरली, की वर्डप्रेसच्या प्लगइन-संग्रहाने ती संकेतस्थळांवर आपणहून बसवण्याचे असाधारण पाऊल उचलले.

अशी बातमी वाचली की सामान्य चालकाच्या मनात दोन टोकाचे विचार येतात. एक म्हणजे प्लगइन नावाची वस्तूच नको, आणि दुसरा म्हणजे या प्लगइनवर लक्ष ठेवणारे आणखी एखादे प्लगइन बसवावे. दोन्ही विचार चुकीच्या दिशेने नेणारे आहेत. प्लगइन आत शिरून नेमके काय करते हे एकदा कळले, की कोणते ठेवावे आणि कोणते काढावे याचा निर्णय बराच सोपा होतो.

प्लगइन काम कसे करते?

वर्डप्रेस २००३ साली मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केले. आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे त्यावर चालतात, म्हणून या लेखातील उदाहरणे त्याचीच आहेत. ड्रुपल, जूमला यांसारख्या इतर प्रणालींत अशा जोडण्यांना वेगळी नावे असली तरी तत्त्व फारसे बदलत नाही. मूळ वर्डप्रेसचे काम मर्यादित आहे: मजकूर लिहू देणे, तो डेटाबेसमध्ये साठवणे आणि वाचकाने मागितला की पान तयार करून दाखवणे. दुकान, संपर्काचा फॉर्म, बहुभाषिक मजकूर अशा ज्या सोयी मूळ आज्ञावलीत नाहीत, त्या बाहेरून जोडणारी आज्ञावली म्हणजे प्लगइन. ही सोय २००४ च्या मे महिन्यात आलेल्या १.२ या आवृत्तीत मिळाली, आणि आज अधिकृत संग्रहात विनामूल्य प्लगइनची संख्या ६० हजारांच्या आसपास आहे.

ही जोडणी ‘हुक’ या कल्पनेवर उभी आहे. पान तयार करताना वर्डप्रेस ठरावीक टप्प्यांवर थांबते आणि येथे कोणाला काही करायचे आहे का, हे पाहते. या टप्प्यांना हुक म्हणतात. प्लगइन सुरू होताना आपल्याला हव्या त्या हुकांवर आपले नाव नोंदवून ठेवते. मग लेख वाचकाला दिसण्यापूर्वी त्याचा मजकूर त्या प्लगइनच्या हाती दिला जातो आणि त्याने केलेल्या फेरफारांसह परत घेतला जातो, किंवा नवीन लेख प्रकाशित झाला की तशी सूचना त्याला मिळते. मूळ आज्ञावलीतील एकही ओळ न बदलता हे सगळे घडते, आणि म्हणूनच मूळ वर्डप्रेस अद्ययावत झाले तरी जोडलेली सोय साधारणपणे टिकून राहते. ही रचना अतिशय कल्पक आहे आणि वर्डप्रेसच्या प्रसाराचे फार मोठे श्रेय तिच्याकडे जाते, असे माझे मत आहे.

मग धोका कोठून येतो?

तो याच मोकळेपणातून येतो. आपण मोबाइलमध्ये एखादे ॲप घेतो तेव्हा कॅमेरा वापरू द्यायचा का, संपर्कयादी पाहू द्यायची का, असे आपल्याला विचारले जाते. वर्डप्रेसच्या प्लगइनसाठी अशी वेगवेगळी परवानगी देण्याची व्यवस्था नाही. ते एकदा सुरू केले की संकेतस्थळाच्या सर्व अधिकारांनिशी चालते. गळका नळ दुरुस्त करायला आलेल्या कारागिराच्या हाती केवळ न्हाणीघराची नव्हे, तर सगळ्या खोल्यांची आणि कपाटांचीही किल्ली द्यावी, तसा हा व्यवहार आहे. पानाच्या तळाशी साधे घड्याळ दाखवणारे प्लगइनसुद्धा सभासदांची यादी वाचू शकते, डेटाबेसचा पासवर्ड ज्या फाइलमध्ये असतो ती उघडू शकते आणि नवा व्यवस्थापक निर्माण करू शकते. बहुतेक प्लगइन तसे काहीही करत नाहीत, परंतु त्यांतील एखादी चूक बाहेरच्या माणसाच्या हाती लागली तर ते सर्व अधिकार त्याच्याकडे जातात.

त्यामुळे एका संकेतस्थळावर किती प्लगइन असावीत, या नेहमीच्या प्रश्नाला आकड्यात उत्तर नाही. नीट सांभाळलेली ३० प्लगइन चालू शकतात आणि वाऱ्यावर सोडलेले एकच प्लगइन संकेतस्थळ बुडवू शकते. तरीही प्रत्येक नवे प्लगइन म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकावा लागतो असा आणखी एक निर्माता, हे लक्षात ठेवले की संख्या आपोआप आटोक्यात राहते.

ज्यासाठी प्लगइन लागतच नाही

अनेक जुन्या मार्गदर्शक लेखांत ‘अत्यावश्यक प्लगइन’ म्हणून दिलेल्या याद्या आता कालबाह्य झाल्या आहेत, कारण त्यांतील बरीच कामे मूळ वर्डप्रेसच करू लागले आहे. पानावरील चित्रे वाचक त्यांच्याजवळ पोहोचेपर्यंत न उतरवण्याची सोय आणि शोधयंत्रांसाठी लागणारा साइटमॅप, म्हणजे पानांची यादी, या दोन्ही गोष्टी २०२० च्या ५.५ या आवृत्तीपासून मुळातच आहेत. वेबपी हा चित्रांचा हलका प्रकार ५.८ पासून आणि त्याहून हलका एव्हीआयएफ ६.५ पासून स्वीकारला जातो. दोन-तीन स्तंभांची मांडणी किंवा चित्रांची जंत्री करण्यासाठी २०१८ च्या अखेरीस आलेला ब्लॉक-संपादक पुरेसा आहे.

काही कामे होस्टिंगच्या, म्हणजे ज्या सेवेच्या सर्व्हरवर आपले संकेतस्थळ असते तिच्या, पातळीवर होतात आणि तेथेच ती अधिक चांगली होतात. पत्त्याच्या सुरुवातीला सुरक्षित जोडणी दाखवणारे प्रमाणपत्र हे त्याचे ठळक उदाहरण आहे. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा संस्था २०१५ च्या अखेरीपासून अशी प्रमाणपत्रे विनामूल्य देते, तिचे नेहमीचे प्रमाणपत्र ९० दिवस टिकते, आणि बहुतेक होस्टिंग-सेवा त्याचे नूतनीकरण परस्पर करतात. प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या यांच्या मंचाने २०२५ मध्ये असा निर्णय घेतला, की ही मुदत टप्प्याटप्प्याने कमी करत २०२९ च्या मार्चपर्यंत ४७ दिवसांवर आणायची. यापुढे हे काम हाताने करत राहणे कोणालाच परवडणार नाही, म्हणून आपल्या होस्टिंगमध्ये नूतनीकरण आपोआप होते का, याची खात्री आताच करून घ्यावी.

बॅकअप: सर्वांत आधी आणि सर्वांत नीट

एकच साधन निवडायचे असेल, तर ते बॅकअपचे निवडावे. वर्डप्रेसचे संकेतस्थळ दोन भागांचे असते. लेख, सभासद आणि सेटिंग्ज डेटाबेसमध्ये असतात, तर चित्रे, थीम (संकेतस्थळाचे रूप ठरवणारा साचा) आणि प्लगइन फाइलींच्या स्वरूपात असतात. यांपैकी एकाचाच बॅकअप घेतला तर संकट आल्यावर अर्धेच संकेतस्थळ परत मिळते. ‘अपड्राफ्टप्लस’सारखे प्लगइन दोन्ही भाग ठरावीक वेळी गोळा करून गूगल ड्राइव्हसारख्या दूरच्या साठ्यात पाठवते.

दूरचा साठा हा येथे कळीचा मुद्दा आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएचक्लाउड या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक पूर्ण इमारत नष्ट झाली. ज्या ग्राहकांचे बॅकअप त्याच आवारात होते, त्यांतील काहींचे संकेतस्थळ आणि बॅकअप एकाच वेळी गेले. म्हणून होस्टिंग-सेवा रोज बॅकअप घेत असली तरी त्याची एक प्रत तिच्या आवाराबाहेर, शक्यतो दुसऱ्याच सेवेकडे, असायला हवी.

आणखी एक बारीक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. वर्डप्रेसचे अंतर्गत वेळापत्रक घड्याळावर चालत नाही, तर कोणी पान उघडले की त्या निमित्ताने राहिलेली कामे उरकते. रात्री २ वाजताचा बॅकअप ठरवला असला आणि सकाळी ९ पर्यंत कोणीही फिरकले नाही, तर तो ९ नंतरच सुरू होतो. ज्या संकेतस्थळाला वाचक कमी आहेत, त्याच्या चालकाने होस्टिंगच्या नियंत्रण-फलकातून सर्व्हरचे खरे वेळापत्रक, म्हणजे क्रॉन, लावून घ्यावे.

आणि बॅकअप परत बसवून पाहावा. तसे करून न पाहिलेली फाइल उपयोगी आहे की अर्धवट, हे ऐन संकटातच कळते, आणि तेव्हा ते कळून काहीही उपयोग नसतो. होस्टिंगमध्ये ‘स्टेजिंग’ची, म्हणजे वाचकांना न दिसणाऱ्या चाचणी-प्रतीची, सोय असेल तर तेथे हा प्रयोग निर्धास्तपणे करता येतो.

फॉर्म भरला जातो, पण पत्र पोहोचत नाही

संपर्काच्या फॉर्मसाठी ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ हे जुने, साधे आणि विश्वासार्ह प्लगइन आहे. परंतु ते आलेला मजकूर स्वतःहून साठवत नाही, केवळ ईमेलने पाठवते, आणि येथेच अनेकांची फसगत होते. वर्डप्रेस सहसा सर्व्हरच्या साध्या मेल-सुविधेतून पत्र पाठवते. अशा पत्रावर ते खरोखर आपल्या डोमेनवरून निघाल्याचा पुरावा अनेकदा नसतो, त्यामुळे घेणारी सेवा ते स्पॅममध्ये टाकते किंवा नाकारते. वाचकाला मात्र ‘आपला संदेश मिळाला’ असे दिसते. यावर दुहेरी उपाय करावा. ‘डब्ल्यूपी मेल एसएमटीपी’सारख्या प्लगइनने पत्रे खऱ्या मेल-सेवेतून पाठवावीत आणि डोमेनच्या नोंदींमध्ये एसपीएफ व डीकेआयएम या ओळख पटवणाऱ्या नोंदी घालाव्यात. शिवाय फॉर्ममधील मजकुराची एक प्रत डेटाबेसमध्येही ठेवावी. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ च्या निर्मात्याचेच ‘फ्लेमिंगो’ हे प्लगइन ते काम करते.

वेग कसा मोजावा आणि कसा वाढवावा?

वेगाच्या बाबतीत आधी मोजणे आणि मग साधन निवडणे हाच क्रम योग्य आहे. गूगलचे ‘पेजस्पीड इनसाइट्स’ हे विनामूल्य साधन तीन गोष्टी पाहते. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, बटण दाबल्यावर पानाने २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद द्यावा आणि मजकूर वाचता वाचता वरखाली सरकू नये. या साधनाच्या निकालात वर दिसणारे आकडे प्रत्यक्ष वाचकांच्या अनुभवाचे असतात आणि खालचा १०० पैकी गुण हा प्रयोगशाळेतील एका चाचणीचा असतो. अनेक जण त्या गुणाच्या मागे लागून आठवडे घालवतात, जेव्हा खऱ्या वाचकांचे आकडे आधीच चांगले असतात.

वेग खरोखर कमी असेल, तर कॅशिंगचे प्लगइन उपयोगी पडते. प्रत्येक वाचकासाठी पान नव्याने रचण्याऐवजी एकदा रचलेले पान ते तयार ठेवते. ‘डब्ल्यूपी सुपर कॅशे’ साध्या गरजांना पुरते, तर ‘लाइटस्पीड कॅशे’ची पाने तयार ठेवण्याची सोय लाइटस्पीड सर्व्हरवर किंवा त्याच कंपनीशी जोडलेल्या सेवेतूनच चालते. कॅशिंगची दोन प्लगइन एकत्र कधीही ठेवू नयेत, कारण दोन्ही एकाच फाइलवर हक्क सांगतात आणि परिणाम विचित्र होतात. पान तयार होण्यातच उशीर लागत असेल, तर दोषी कोण हे शोधण्यासाठी ‘क्वेरी मॉनिटर’ बसवावे. डेटाबेसला कोणत्या प्लगइनने किती प्रश्न विचारले आणि प्रत्येकाला किती वेळ लागला, हे ते स्पष्ट दाखवते. माझ्या दृष्टीने हे सर्वांत दुर्लक्षित उत्तम साधन आहे. काम झाले की ते बंद करून ठेवावे.

शोधयंत्रांसाठीची प्लगइन मात्र नावाजली जातात तितकी जादू करत नाहीत. ‘योस्ट’सारखे प्लगइन मुख्यतः शीर्षक आणि वर्णन नीट भरण्याची सोय देते. गूगलला आपली कोणती पाने सापडली आणि कोणती का वगळली गेली हे जाणून घ्यायचे असेल, तर गूगलचेच ‘सर्च कन्सोल’ हे साधन पाहावे.

“आमचे संकेतस्थळ लहान आहे, त्यावर हल्ला कोण करणार?”

ही शंका स्वाभाविक आहे, पण ती हल्ल्याच्या चुकीच्या कल्पनेतून येते. बहुतेक हल्ल्यांत कोणी माणूस आपले संकेतस्थळ निवडून त्यामागे लागत नाही. एखाद्या प्लगइनमधील चूक जाहीर झाली की स्वयंचलित आज्ञावली लाखो पत्त्यांवर जाऊन ते प्लगइन, तीच आवृत्ती, आहे का एवढेच तपासत फिरते. लहान संकेतस्थळही स्पॅम पाठवायला, खोट्या दुकानांचे दुवे लपवायला किंवा वाचकांना दुसरीकडे वळवायला उपयोगी असते. लॉगिनच्या पानावर द्विस्तरीय पडताळणी, प्रत्येकाला वेगळे खाते आणि वेळेवर अपडेट यांनी बरीचशी सुरक्षा साधते. ‘वर्डफेन्स’सारखे सुरक्षेचे प्लगइन त्याला पूरक ठरते, परंतु न केलेल्या अपडेटची भरपाई ते करू शकत नाही.

“अपडेट केले की संकेतस्थळ मोडते, त्याचे काय?”

हे कधी कधी खरेच घडते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. दोन प्लगइन एकाच हुकावर परस्परविरोधी काम करू लागली किंवा वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे त्या पीएचपीची सर्व्हरवरील आवृत्ती जुनी राहिली, की पान कोरे दिसू लागते. मात्र परिस्थिती पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे. २०१९ च्या ५.२ या आवृत्तीपासून एखाद्या प्लगइनमुळे संकेतस्थळ बंद पडले तर व्यवस्थापकाला ईमेलने एक विशेष दुवा येतो आणि त्यातून आत जाऊन ते प्लगइन थांबवता येते. २०२४ च्या ६.६ या आवृत्तीपासून आपोआप झालेल्या अपडेटने घातक चूक घडली तर वर्डप्रेस त्या प्लगइनची जुनी आवृत्ती स्वतःच परत बसवते. यांपैकी काहीच चालले नाही, तर सर्व्हरवरील त्या प्लगइनच्या फोल्डरचे नाव बदलावे. फोल्डर सापडले नाही की वर्डप्रेस ते प्लगइन बंद समजते.

दुकान किंवा सभासदत्व चालवणाऱ्या संकेतस्थळाचे मोठे अपडेट आधी स्टेजिंगवर करून पाहावे. साध्या माहितीपर संकेतस्थळाने बॅकअप चालू ठेवून स्वयंचलित अपडेट स्वीकारावे, असे मी आवर्जून सुचवतो, कारण एखाद्या दिवशी पान मोडण्यापेक्षा जाहीर झालेली चूक महिनाभर तशीच राहणे कितीतरी अधिक धोक्याचे असते.

“पैसे देऊन घेतलेले प्लगइन तरी निर्धोक असेल ना?”

पैसे दिल्याने मदत मिळते आणि निर्मात्याला काम चालू ठेवता येते, हे खरे. पण सशुल्क प्लगइनमध्येही चुका सापडतात, आणि परवान्याची मुदत संपल्यावर अनेकदा अपडेट थांबतात, तर प्लगइन मात्र जुन्या चुकांसह चालूच राहते. सर्वांत घातक मार्ग म्हणजे सशुल्क प्लगइनची ‘नल्ड’, म्हणजे परवान्याची तपासणी काढून फुकट वाटलेली, प्रत घेणे. ती वाटणाऱ्याने त्यात काय घातले आहे हे आपल्याला कळत नाही, आणि वर सांगितलेले सर्व अधिकार आपण त्याच्या हाती देतो.

निर्माता बदलला तर?

चांगले प्लगइन निवडले म्हणजे काम संपले असे नाही, कारण प्लगइन विकले जाते. ‘कॅप्चा’ नावाचे, सुमारे ३ लाख संकेतस्थळांवर असलेले प्लगइन २०१७ मध्ये नव्या मालकाकडे गेले आणि त्यानंतरच्या एका अपडेटमधून त्यात गुप्त प्रवेशमार्ग घातला गेल्याचे डिसेंबरमध्ये उघड झाले. २०२४ च्या फेब्रुवारीत ‘पॉलीफिल डॉट आयओ’ या पत्त्याची मालकी बदलली. हे प्लगइन नव्हते, तर जुन्या ब्राउझरांना मदत करणारी आज्ञावली अनेक संकेतस्थळे त्या पत्त्यावरून थेट मागवत असत. मूळ प्रकल्पाचे जनक अँड्र्यू बेट्स यांनी तेव्हाच ती काढून टाकण्याचा सल्ला दिला होता. जूनमध्ये त्याच पत्त्यावरून घातक आज्ञावली येऊ लागली आणि १ लाखाहून अधिक संकेतस्थळे त्याच्या कक्षेत आली. म्हणून दुसऱ्याच्या पत्त्यावरून मागवलेली प्रत्येक फाइल शक्य तेथे आपल्या सर्व्हरवर आणून ठेवावी.

एका ओळीत सर्व काही करून देणारी साधने

दृष्टिहीन किंवा इतर अपंग वाचकांना संकेतस्थळ वापरता यावे, यासाठी एक ओळ घातली की पुरे, असे सांगणारी साधने विकली जातात. ‘ॲक्सेसिबी’ या कंपनीने केलेले असे दावे फसवे असल्याचा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये ठेवला आणि तिला १० लाख डॉलर भरायला लावले. खरी सुलभता चित्रांना वर्णन देणे, मथळ्यांचा क्रम राखणे आणि केवळ कळफलकाने सर्व पानांवर फिरता येणे यांतून येते. त्यातील उणिवा ‘वेव्ह’ आणि ‘ॲक्स’ ही तपासणीची साधने विनामूल्य दाखवतात, पण दुरुस्ती आपल्यालाच करावी लागते.

निवडताना आणि काढताना

संग्रहातील प्लगइनच्या पानावर ताऱ्यांपेक्षा महत्त्वाच्या गोष्टी असतात. शेवटचे अपडेट कधी झाले, सध्याच्या वर्डप्रेसवर ते तपासले आहे का, मदतीच्या विभागात प्रश्नांना उत्तरे मिळतात का आणि पूर्वी चूक सापडली तेव्हा निर्मात्याने ती किती लवकर दुरुस्त केली, हे पाहावे. सुरुवातीला उल्लेखलेल्या प्लगइनच्या निर्मात्यांनी दुरुस्ती काही दिवसांतच आणली होती. म्हणून चूक सापडली एवढ्याच कारणावरून प्लगइनला वाईट ठरवणे मला न्याय्य वाटत नाही.

पानांची रचना करणारे प्लगइन निवडताना उलटा प्रश्नही विचारावा: हे काढले तर माझा मजकूर कसा उरेल? ‘डब्ल्यूपीबेकरी’सारखे काही बिल्डर बंद केल्यावर लेखांत चौकटी कंसातील शॉर्टकोड, म्हणजे मांडणीसाठीचे सांकेतिक शब्द, तसेच राहतात, आणि शेकडो लेख हाताने साफ करण्याची वेळ येते. स्टेजिंगवर प्लगइन बंद करून एक लेख उघडला की याचे उत्तर लगेच मिळते.

नको असलेले प्लगइन नुसते बंद करून ठेवू नये, कारण त्याच्या फाइली सर्व्हरवर राहतात आणि त्यांतील काही चुका बंद अवस्थेतही वापरता येतात. ते पूर्ण काढून टाकावे. काढल्यावरही त्याची कोष्टके आणि सेटिंग्ज डेटाबेसमध्ये उरू शकतात. काही प्लगइनमध्ये ‘काढताना सर्व माहिती पुसावी’ असा पर्याय असतो आणि तो काढण्यापूर्वीच निवडावा लागतो. आधी बॅकअप, मग तो पर्याय आणि त्यानंतर प्लगइन काढणे, हा क्रम पाळावा.